लस घेतली नव्हती

"आपल्याच इथल्या एका बाईंनी गेल्या वर्षी लस घेतली नव्हती," असं मी म्हणाले आणि माझी मीच दचकले. हे वाक्य कागदावर नव्हतं. कागदावर त्या जागी टक्केवारी होती, कंसात वर्ष होतं, आणि ती टक्केवारी वाचण्यासाठी मी मान खाली घातली होती. वर पाहिलं तर हॉलमधली निम्मी माणसं मोबाईलमध्ये बुडालेली, तिसऱ्या रांगेत हाडांचे डॉक्टर डोळे मिटून बसलेले, दोन नर्सेस एकमेकींना साडीच्या काठाचा रंग दाखवत असलेल्या, आणि मागच्या दाराशी एक नवीच बाई कानात वायर घालून फरशी पुसत होती. त्या पुसणाऱ्या बाईकडे बघता बघता ते वाक्य तोंडून गेलं. एकदा गेलं म्हटल्यावर पुढची वाक्यं आपोआप आली. त्यांच्या घरी छातीच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला नवरा होता. बाई इथून फ्लू घेऊन घरी गेल्या. पंधरा दिवसांत नवरा गेला. मोबाईल एकेक करून खाली झाले. हाडांच्या डॉक्टरांनी डोळे उघडले. अकरा वर्षं मी दर थंडीच्या तोंडावर हे भाषण करते आहे, पण हॉलने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाईंनी लस घेतली नव्हती. नवरा गेला. शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी माझ्या तळव्यांना घाम सुटला होता. हातातला कागद ओला होऊन अंगठ्याला चिकटला होता.

शेवटी मी नेहमीसारखं म्हटलं, "काही प्रश्न असतील तर विचारा." दरवर्षी इथेच गंमत सुरू होते. लशीनेच ताप येतो हे खरं का, गेल्या वर्षी घेतली तरी सर्दी झालीच, माझ्या मेव्हण्याला तर हात वर करता येईना. यंदा एकही हात वर गेला नाही. त्या बाईंनी का घेतली नव्हती, असा साधा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून मी थांबले. खरंच थांबले, पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावलं. कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला? सगळ्यांना कारण आधीच ठाऊक होतं. बाई म्हणजे अडाणी, घाबरट, नाहीतर आळशी. मी फक्त एक जागा मोकळी सोडली होती, आणि ती प्रत्येकाने आपापल्या मनाने भरून टाकली.

जिन्यात मोठ्या साहेबांनी मला गाठलं. ते सहसा लिफ्टने जातात, म्हणजे मुद्दाम आले होते. "सिस्टर, आज बोललात खरं," ते म्हणाले. "मी किती वर्षं सांगतोय, आकडे कोण ऐकतं? माणसाची गोष्ट सांगा. दुपारच्या दोन्ही बॅचना हेच सांगा. असंच, थोडक्यात. जास्त तपशील नको." मी "बरं सर" म्हटलं. त्यांना ती बाई कोण हे माहीत होतं की नव्हतं, याचा अंदाज मला त्यांच्या चेहऱ्यावरून लागला नाही. माहीत नसणार. आणि असलं तरी तपशील नको म्हणाले, ते माझ्या सोयीचंच होतं. तळमजल्यावरच्या सहा नंबरच्या खोलीत जाऊन मी टेबल लावायला घेतलं. थंड पेटी डाव्या हाताला, सुया टाकायचा डबा उजव्या हाताला, मध्ये यादी. यादीवर पट्टी ठेवायची माझी सवय आहे, म्हणजे सह्या ओळ सोडून जात नाहीत. हात आपले काम करत होते, आणि मी गेल्या वर्षीच्या त्याच टेबलापाशी उभी होते.

गेल्या वर्षी आमच्या इस्पितळाला नव्वद टक्क्यांचं लक्ष्य दिलेलं होतं आणि ते माझ्या गळ्यात होतं. जंतुसंसर्ग रोखण्याचं काम बघणारी सिस्टर म्हणजे लसीकरणही तिनेच बघायचं. कॅन्टीनमध्ये मी शिरले की एकदम चार जणांना खोकला यायचा. "आज नको सिस्टर, सर्दी आहे." माझं नाव सुईबाई पडलं होतं, आणि मीही ते हसून घेत होते, कारण हसून घेतलं की माणूस दंड उघडा करायला तयार होतो. हाडांच्या डॉक्टरांकडे मी सात वेळा गेले. "मला आयुष्यात फ्लू झालेला नाही," ते म्हणायचे, आणि मी सातही वेळा तेच सांगितलं, की तुम्हाला झाला तर तुम्ही निभावून न्याल सर, पण तुमच्या हाताखालची ऐंशी वर्षांची खुब्याचं हाड मोडलेली आजी नाही निभावणार. लस तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. सातव्या वेळी ऑपरेशनचे कपडे बदलताना त्यांनी वैतागून एक बाही वर केली आणि म्हणाले, "घ्या, टोचा, पण पुन्हा तोंड दाखवू नका." मी विजयी वीरासारखी खाली आले होते. त्या दिवसांत मला झोपेतही दंड दिसायचे. गोरे, काळे, केसाळ, सुरकुतलेले. चेहरा नसलेले नुसते दंड.

आणि त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या मावशी आल्या. पुरुषांच्या वॉर्डाची साफसफाई त्यांच्याकडे होती. अंगाने किरकोळ, बोलायला तिखट, ओल्या फरशीवरून डॉक्टर चालत गेला तर त्यालाही सोडायच्या नाहीत. त्या हातात फरशी पुसायचा दांडा घेऊनच आल्या, म्हणून मी विचारलं, "काय मावशी, काही सांडलंय का इथे?"

"सांडलं काही नाही. टोचून घ्यायला आलेय."

मला वाटलं थट्टा करताहेत. तेवढ्यात त्यांनी दांडा भिंतीला टेकवला आणि खुर्चीवर बसून बाही पार खांद्यापर्यंत सारली. "त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये बोललात ना, ते मी मागे उभी राहून सगळं ऐकलं. आमचे हे छातीचे पेशंट आहेत. रंगाच्या कारखान्याने छाती खाल्ली त्यांची. सहा वर्षं झाली, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. मग मी विचार केला, त्यांना हा ताप येणार कुठून? मी नेला तरच येणार. मी नेला नाही की विषय मिटला."

दहा वर्षं जी गोष्ट मी पडद्यावर चित्रं लावून, बाण काढून शिकलेल्या माणसांना सांगत होते, ती या बाईने दोन वाक्यांत आवरली होती. मला इतका आनंद झाला की मी पेटीचं झाकण उघडलंसुद्धा. थंड वाफ बोटांना लागली. मग सवयीने पट्टी यादीवर ठेवली आणि खाली सरकवत गेले. साफसफाईचं पानच नव्हतं. आधीच्या वर्षी त्या सगळ्यांना कंत्राटदाराकडे वर्ग केलेलं होतं, हे मला माहीत होतं; फक्त माहीत असलेलं त्या क्षणी आठवलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही कंत्राटात गेलात ना?"

"मी कुठे गेले? मला घातलं," मावशी म्हणाल्या. "एकोणीस वर्षं तीच फरशी पुसतेय मी. बादलीसुद्धा तीच आहे."

"हो, पण मग तुमची लस कंत्राटदाराने द्यायची असते. माझ्याकडे यादी असते, यादीबाहेर मला देता येत नाही."

"तो हातमोजे देत नाही सिस्टर, लस कुठची देतो?" त्या हसल्या. बाही अजून वरच होती. मी म्हणाले, "मी विचारून सांगते." इस्पितळात काम करणाऱ्या कुणालाही या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मावशींनी बाही खाली ओढली, मनगटाशी नीट केली, उठल्या, आणि त्यांच्या ओल्या चपलांचे ठसे खुर्चीपुढे उमटले होते ते दांड्याने पुसून मग गेल्या.

मी विचारलं नाही असं नाही. औषधभांडाराच्या प्रमुखाला फोन केला. तो म्हणाला, "एकीला दिलीत की उद्या दीडशे जण दाराशी उभे राहतील. मग जबाब कोण देणार, तुम्ही?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. चूक कुणाचंच नसतं. मी फोन ठेवला आणि पुढच्या दंडाला कापूस लावला. दीडशे जण उभे राहिले असते तर काय बिघडलं असतं, हे मला फार नंतर सुचलं. मीच तर दीडशे जण उभे राहावेत म्हणून जिने चढत-उतरत होते.

त्यानंतर दोनच दिवसांनी ताईचा फोन आला. ताई दुसऱ्या गावी असते आणि आई माझ्याकडे, त्यामुळे आईची काळजी ताई फोनवरून करते. "अगं, आईला दे ना एक. तुझ्याकडे पेटी भरून पडलंय." मी म्हटलं, बाहेर विकत मिळते, आणते. पण दुकानात त्या आठवड्यात माल नव्हता, ताईचा रोज फोन, आणि आईला खोकल्याची नुसती ढास लागली तरी मी रात्रभर जागी राहते. शुक्रवारी संध्याकाळी मी लस भरलेली एक सुई चहाच्या थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीला गुंडाळून घरी नेली. नोंदवहीत लिहिलं, 'सुई वाकली, वापरता आली नाही'. खाली सही. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली आईचा दंड धरला तर हाताला नुसतं कापड लागल्यासारखं झालं. "माझ्या या हाडाला काय लागणार तुझी लस?" आई म्हणाली. "वाया घालवलीस." मी म्हटलं, गप्प बस गं. नोंदवहीतलं ते वाक्य मी एका दमात लिहिलं होतं, हे मी स्वतःपासून पुष्कळ दिवस लपवून ठेवलं. 'सुई वाकली' हे मला मावशींसाठी सुचलं नाही. यादी माझ्यासाठी वाकली, नियम वाकला, सुई तेवढी सरळ होती.

महिन्याभरात चौथ्या मजल्यावर फ्लू आला. आधी खिडकीजवळचा पेशंट, मग त्याच्या शेजारचा, मग ओळीने पाच. मी वर गेले तेव्हा मावशी वॉर्डाच्या तोंडाशी बादलीवर हात टेकून उभ्या होत्या. डोळे लाल, आवाज घोगरा. मी लांबूनच म्हटलं, "मावशी, तुम्हाला ताप आहे. घरी जा आधी."

"घरीच तर जायचं नाहीये, सिस्टर."

मला समजलं, आणि न समजल्यासारखं मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या जवळ न येता, तिथूनच, अगदी कामाचं बोलतात तशा बोलल्या. खालच्या मजल्यावर चादरींची खोली आहे, तिथे कोपऱ्यात पाच-सहा दिवस पडू दिलं तर बरं होईल. शेजारीण नवऱ्याला जेवण देईल, ऑक्सिजनचं मशीन तिला लावता येतं. आपण अंगावर एक चादर घेऊ, ती आपणच धुऊन टाकू. मी म्हणाले, "तिथे धुतलेले कपडे असतात मावशी, आजारी माणसाला कसं ठेवणार?" हेही चूक नव्हतं. मी त्या कामाचीच सिस्टर आहे. आजारी माणसाला धुतलेल्या कपड्यांत ठेवू नये हे मला येत नसेल तर मग काय येतं? "मग दुसरी कुठली खोली?" त्यांनी विचारलं. "तुमच्या सुपरवायझरना विचारून बघा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. समोरचा माणूस किती खोल आहे ते काठी घालून बघावं आणि काठी लगेच तळाला लागावी, तसं ते बघणं होतं. मग त्या घरी गेल्या. दार लावून ओट्याखाली झोपत होत्या, तोंडाला सतत फडकं बांधून होत्या, असं मला पुढे वॉर्डातल्या नर्सने सांगितलं. एका खोलीच्या घरात दार लावून म्हणजे कुठलं दार, ते मी तिला विचारलं नाही.

नवऱ्याला त्यांनी नवव्या दिवशी आमच्याकडेच आणलं. पाच दिवस तो होता. मी एकदाही त्या वॉर्डात गेले नाही. कामं होती, आणि नसती तरी काढली असती. सहाव्या दिवशी सकाळी मी मागच्या जिन्याने उतरत होते, तर खालून तिसऱ्या पायरीवर मावशी बसलेल्या. शेजारी पिशवी, पिशवीत पेला, टॉवेल, त्याचा चष्मा. मृत्यूचे कागद होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं त्यांना. त्यांना ओलांडून जाता येण्यासारखी जागा नव्हती. मी उभी राहिले. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि मला एवढंच आलं, "मावशी, मला कळलं."

त्यांनी वर पाहिलं. बाजूला सरकल्या, मला जायला जागा करून दिली, आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये जे बोललात ना सिस्टर, ते सगळं खरं होतं बघा."

मी कित्येक रात्री हे वाक्य उलटसुलट करून पाहिलं. टोमणा होता का? टोमणा मारायचा तर मावशींना शब्दांची वाण नव्हती. मला वाटतं, त्यांनी खरंच तसंच म्हटलं होतं. शिकवणाऱ्याला निकाल कळवावा तसं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन कुठेतरी ठेवून दिल्या असत्या, काही दिवसांनी त्यांना उत्तरंही शोधली असती. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मावशी पुन्हा कामावर आल्या नाहीत. कंत्राटदाराने त्यांच्या जागी दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी पाठवलं होतं.

आम्ही ब्याण्णव टक्के गाठले. मोठ्या सभेत मला प्रशस्तिपत्र मिळालं, आईने ते टीव्हीवर उभं करून ठेवलं. अडतीस सुया शिल्लक राहिल्या. मुदत संपल्यावर त्या नष्ट केल्या, त्या कागदावरही माझीच सही आहे. कंत्राटी माणसांनाही लस द्यावी म्हणून मी एक पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की त्यांच्या आरोग्याची जबाबदारी संबंधित कंत्राटदाराची राहील. मी ते उत्तर फायलीला लावलं. दुसरं पत्र लिहिलं नाही. पहिलं मात्र लिहिलं होतं, हे मी मनाशी बऱ्याचदा म्हणत असते.

आणखीही एक गोष्ट मी मनाशी म्हणते. लस काही सगळ्यांना वाचवत नाही. दहांतल्या चार-पाच जणांवर ती पुरती चालत नाही, त्यांना फ्लू होऊ शकतोच; मावशींना दिली असती तरी झाला असता कदाचित; नवऱ्याची छाती अशीही गेलेलीच होती; शिवाय शेजारीण येत-जात होती, तिने आणला नसेल कशावरून? हे सगळं मला पाठ आहे, कारण हे माझं नाही. कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, ऑपरेशनच्या दाराशी जी माणसं मला टाळत होती त्यांची ही वाक्यं आहेत. घेतली तरी होतोच ना सिस्टर, मग घ्यायची कशाला? अकरा वर्षं मी या वाक्याशी भांडले. जिने चढून भांडले. आणि आता आई झोपली की मी त्याच वाक्याला उशीसारखं जवळ ओढते. सकाळी उठून पुन्हा त्याच्याशी भांडायला जाते. त्याचा मला पगार मिळतो.

"सुरू करायचं का सिस्टर?" दारातून कुणीतरी विचारलं, तेव्हा कळलं की रांग लागली आहे. भाषण संपून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती आणि रांग दाराबाहेर जाऊन औषधाच्या खिडकीपर्यंत पोचली होती. असं कधी झालेलं नव्हतं. हाडांचे डॉक्टर सर्वांत पुढे होते, बोलावल्याशिवाय. "तुम्ही आज घाबरवलंत," म्हणाले, आणि मुकाट्याने बाही वर केली. एकामागून एक येत होते. कापूस, सुई, डबा, सही. पट्टी एक ओळ खाली. कुणी थट्टा केली नाही, कुणाला सर्दी नव्हती. बाहेरच्या बोळातून ती नवी बाई बादली ओढत गेली. कानात वायर, मान खाली. बादलीचं एक चाक कुरकुरत होतं. ते दूर जाईपर्यंत मी नवी सुई पेटीतून काढली नाही.

मग अतिदक्षता विभागातली तरुण नर्स बसली. दोन वर्षं हिने मला चुकवलं होतं. सुईला भिते असं म्हणायची, आणि दिवसाला पन्नास सुया दुसऱ्यांना टोचायची. आज तिचा चेहरा उतरलेला होता.

"माझे सासरे दम्याचे आहेत," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही त्या बाईंचं सांगितलंत आणि मला बसवेना. म्हटलं, आपल्याला असं व्हायचं नाही."

"कसं?"

"एवढं बेफिकीर. इथेच काम करायचं, सगळं डोळ्यांनी बघायचं, फुकट मिळतेय तरी घ्यायची नाही, आणि मग घरच्या माणसाला... मला राग आला हो त्यांचा. खरंच आला. तुम्ही ओळखत होता त्यांना?"

मागच्या दोघी ऐकत होत्या. मी तिच्या दंडावर कापूस फिरवला, गोल, आतून बाहेर. त्यांनी मागितली होती, मी दिली नाही. एवढंच वाक्य होतं, आणि ते तोंडात तयार होतं; जिभेला त्याची चवही लागली, पितळेसारखी. ते बोलले असते तर ही खुर्चीवरून उठून गेली असती का? नसती गेली. रांग मोडली असती? तीही नसती मोडली. सासरे दम्याचेच राहिले असते आणि हिने लस घेतलीच असती. म्हणजे तेही कारण नव्हतं. मी कारण शोधत राहिले, आणि तोवर कापसाची ओल दंडावरून उडून गेली.

"हो, ओळखत होते," मी म्हणाले. "हात सैल सोडा."

तिने सोडला.